प्रतिक्रियेला उत्तर : ॲरो म्हणजे आखूड केलेलं फंक्शन नव्हे

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: जावास्क्रिप्टमध्ये २०१५ साली ॲरो फंक्शन (फंक्शन या शब्दाऐवजी => असा बाण वापरून लिहिलेलं) आलं, ते म्हणजे जुनंच फंक्शन कमी अक्षरांत; मग नवशिक्यांना दोन्ही शिकवून गोंधळात का टाकायचं? अर्धं मान्य. यादीवर चालणाऱ्या मॅप, फिल्टर, सॉर्टला द्यायच्या एकोळी फंक्शनसाठी ॲरोच वापरावं, तिथे जुनं रूप नुसती अडगळ. पण ‘जुनंच, कमी अक्षरांत’ हे चूक आहे.

फरक धिसचा (this) आहे, म्हणजे फंक्शन कुठल्या ऑब्जेक्टसाठी चालतंय ते सांगणाऱ्या शब्दाचा. साध्या फंक्शनमधलं धिस लिहिताना ठरत नाही, बोलावताना ठरतं. बिल.एकूण() असं बोलावलं की डॉटच्या डावीकडचं बिल हेच धिस. ॲरोला स्वतःचं धिस नसतंच. ते जिथे लिहिलं तिथलं, आजूबाजूचं धिस उचलतं.

करून बघा. बिल नावाचं ऑब्जेक्ट घ्या, त्यात दर ४०, नग ३, आणि धिस.दर गुणिले धिस.नग परत देणारी एकूण ही मेथड, म्हणजे ऑब्जेक्टमधलं फंक्शन. (नावं देवनागरीत ठेवली तरी चालतात, जावास्क्रिप्टची हरकत नसते.) साध्या फंक्शनने १२० येतात. तीच मेथड ॲरोने लिहा, नॅन (NaN, म्हणजे ‘हा आकडा नाही’) येईल. ऑब्जेक्टचे महिरपी कंस स्वतःचं धिस तयार करत नाहीत, त्यामुळे ॲरोने बाहेरचं घेतलं, म्हणजे साध्या स्क्रिप्टमध्ये विंडो, ब्राउझरचं सगळ्यात बाहेरचं ऑब्जेक्ट. तिथे ना दर, ना नग. अनडिफाइन्ड गुणिले अनडिफाइन्ड. स्क्रिप्ट टॅगला टाइप मॉड्यूल दिलेला असेल तर बाहेरचं धिसच अनडिफाइन्ड, मग थेट टाइपएरर. तो परवडला, निदान ओरडतो तरी. खरी पंचाईत प्रॉपर्टीला नेम किंवा लेंग्थ नाव दिल्यावर होते. ही दोन्ही विंडोवर मुळातच असतात, म्हणून बहुतेक वेळा कोरी स्ट्रिंग किंवा शून्य हाती येतं. कन्सोलवर लाल ओळ नाही, आणि माणूस डेटात चूक शोधत बसतो.

उलट बाजूही तितकीच खरी. मेथडच्या आत सेटटाइमआउटला (ठरावीक वेळाने फंक्शन चालवणारं) साधं फंक्शन दिलं तर ते ब्राउझर बोलावतो, धिस विंडो होतं आणि बिल हातचं जातं. पूर्वी यासाठी धिस आधीच सेल्फ नावाच्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवायचे, नाहीतर बाइंड लावून धिस पक्कं करायचे. इथे ॲरो लिहा, मेथडचं धिस टिकतं. म्हणजे मेथड साधी आणि तिच्या आतला कॉलबॅक (दुसऱ्याने नंतर बोलवायचं फंक्शन) ॲरो. दोन्ही शिकवायचं कारण हेच.

बाकीचे फरक पटकन. ॲरोला न्यू लावून ऑब्जेक्ट बनवता येत नाही, त्यात स्वतःचं आर्ग्युमेंट्स (फंक्शनला दिलेल्या किमतींची यादी) नसतं, त्याचा जनरेटर (थांबत थांबत एकेक किंमत देणारं फंक्शन) होत नाही. नावाने जाहीर केलेलं साधं फंक्शन त्याच्या ओळीच्या आधीही बोलावता येतं. कॉन्स्टमध्ये ठेवलेलं ॲरो तसं बोलावलं तर रेफरन्सएरर. आणि बाणापुढे लगेच महिरपी कंस आला की तो ऑब्जेक्ट नव्हे, फंक्शनचा ब्लॉक धरला जातो. त्यामुळे दर: ४० एवढी एकच प्रॉपर्टी असेल तर दर हे लेबल (ओळीला दिलेलं नाव) ठरून गुपचूप अनडिफाइन्ड मिळतं, अशा दोन असतील तर सिंटॅक्सएरर. अख्ख्या ऑब्जेक्टला बाहेरून गोल कंस घाला, काम होतं.

आता तुम्ही दिलेला नमुना, ज्यात क्लिकचा लिसनर (क्लिक झाल्यावर चालायचं फंक्शन) काढूनही निघत नाही. तिथे दोष ॲरोचा नाही. ॲडइव्हेंटलिसनर आणि रिमूव्हइव्हेंटलिसनर, दोन्हींत तुम्ही तोच मजकूर पुन्हा टाइप केलाय. अक्षरं सारखी असली तरी ती दोन वेगळी फंक्शन आहेत, त्यामुळे काढायला काही सापडत नाही. साधी निनावी फंक्शन असती तरी हेच झालं असतं. ते एकदा कॉन्स्टमध्ये ठेवा आणि दोन्हीकडे तेच नाव द्या. फक्त नावापुढे गोल कंस नको. कंस दिलात तर फंक्शन तिथल्या तिथे चालतं आणि त्याने काही रिटर्न केलं नसेल तर लिसनरच्या जागी अनडिफाइन्ड जातं. ब्राउझर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, बटण मात्र मुकं राहतं.