पुढचा ब्रेक

शनिवार-रविवारचे निकाल आधी सांगून टाकतो, कारण आमच्या सायकलच्या ग्रुपवर फोटोंचा पूर आलाय आणि कोण कितवा यावरून गोंधळ चाललाय. शनिवारी साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटाची चढाची सायकल शर्यत होती. मिनिटामिनिटाच्या अंतराने एकेकाला सोडायचं आणि वर घड्याळ लावायचं. आमचे सात जण होते. वहिनी (ग्रुपमध्ये सगळे वहिनीच म्हणतात, शाळेत गणित शिकवतात) महिलांमध्ये दुसऱ्या आल्या. डॉक्टरसाहेब चाळिशीपुढच्या गटात तिसरे. मी त्याच गटात अकरावा, आणि गटात चौदाच जण होते, तेव्हा तो विषय इथेच सोडू. रविवारी वाढे फाट्यावरून लोणंद रस्त्याने जाऊन परत यायची शर्यत, तिथे आम्ही चारच जण उभे राहिलो. एक दवाखान्यात होता आणि दोघे त्याच्या उशाशी. ही पोस्ट त्यासाठी आहे.

शनिवारची सकाळ झकास होती. फेब्रुवारीची बोचरी थंडी, समर्थ मंदिराजवळच्या टपरीवर चहा आणि आमचा रंगीबेरंगी घोळका. टपरीवरच्या एका आजोबांनी मला वरून खाली न्याहाळलं आणि विचारलं, "पावनं, ह्या चड्डीला मागनं उशी कशापायी?" मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "आमी उभा जलम सायकल हाणली, आमाला कवा उशी लागली न्हाय." यावर आजवर कुणालाही उत्तर सुचलेलं नाही.

यवतेश्वरचा घाट सातारकरांना पाठ असतो. हिल मॅरेथॉन याच घाटाने पळते, कासची फुलं बघायला जाणाऱ्या गाड्या याच घाटात अडकतात. कास पठार समुद्रसपाटीपासून १२०० मीटरच्या आसपास आहे आणि त्या उंचीची पहिली वसुली हा घाट करतो. चढताना एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाली पसरलेलं शहर आणि समोर अजिंक्यतारा. अर्थात शर्यतीत यातलं काही दिसत नाही, दिसतं ते फक्त आपलं पुढचं चाक.

आमच्यातला सगळ्यात धाकटा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सायकल सेकंडहँड, ॲल्युमिनियमची, रिम ब्रेकची (म्हणजे चाकाच्या कड्याला रबर आवळून थांबणारी). ग्रुपमध्ये तिघांच्या नुसत्या चाकांची किंमत त्याच्या अख्ख्या सायकलीपेक्षा जास्त आहे. तरी पोरगा खुल्या गटात चौथा आला, तिसऱ्याच्या चार सेकंद मागे. वर पोहोचला तेव्हा ओठांवर थुंकी वाळलेली, पाय थरथरत होते आणि चेहऱ्यावर असं हसू की माझं अकरावेपण मी विसरलो.

आता माझी चूक. वर सगळे जमलो, केळी खाल्ली, फोटो झाले. शर्यत संपली म्हणून रस्ता वाहनांना मोकळा केला होता. पोटात कावळे ओरडत होते. मीच ओरडलो, "जो पहिला खाली, त्याची मिसळ माझ्याकडून!" अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या मी, आणि हे शब्द माझ्याच तोंडून गेले.

मी शेवटून दुसरा होतो, त्यामुळे धाकटा पडताना दिसला नाही. त्यानंतरचं दिसलं. डाव्या वळणाच्या बाहेरच्या कडेला, बारीक खडीत तो बसला होता. उजवा हात डाव्या हाताने पोटाशी आवळून धरलेला. पाठीवरचा शर्यतीचा नंबर चारही सेफ्टी पिनांसकट जागच्या जागी. हेल्मेट उजव्या कानाच्या वर बोटभर चिरलेलं. रस्त्यावर टायरचा काळा पट्टा होता, वळणाच्या आधीच सुरू झालेला, थोडा सरळ आणि मग बाहेर सरकत गेलेला. मी पावलं मोजली. अकरा भरली. समोरून जीप येत होती, पण जीपवाला शहाणा, त्याने पोराला बघून आधीच गाडी कडेला दाबली होती. त्यानेच त्याला दवाखान्यात नेलं आणि पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत. ॲम्ब्युलन्स होती, पण ती वर, फिनिशपाशी. दम तिथेच लागतो, म्हणून डॉक्टरही तिथेच. ही सगळी माणसं नंतर खाली उतरणार आहेत, हे ना आयोजकांच्या डोक्यात आलं, ना आमच्या.

हासळीचं हाड मोडलंय. ऑपरेशन नाही, पण सहा आठवडे हात गळ्यात. जीपमध्ये बसताना तो एवढंच म्हणाला, "काका, ब्रेक दाबला होता मी. लागलाच नाही."

रविवारी संध्याकाळी त्याची सायकल माझ्या दुकानात आणली. माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, सायकलीचं नाही, पण पान्हे आहेत आणि खाज आहे. केबल ठीक होती, लिव्हर ठीक होते. मग रबर काढले. मागच्या ब्रेकचे रबर इतके घासलेले की त्यांच्यावरच्या खाचा गायब. पुढचे जवळजवळ कोरे, कंपनीचा ठसा अजून वाचता येत होता. दोन्ही जोड्या मी स्वतः गेल्या दिवाळीत एकाच दिवशी बसवल्या होत्या.

मी त्याला फोन लावला. "पुढचा ब्रेक वापरतच नाहीस का रे?"

"काका, पुढचा दाबला की तोंडावर पडतो ना आपण?"

हे वाक्य मला ओळखीचं होतं. मी हाफ पेडल शिकत होतो तेव्हा वडिलांनी सांगितलेलं, आणि मी माझ्या लेकीला. तुमच्या घरातही हे कुणीतरी कुणाला तरी सांगितलेलं असणार. गल्लीतल्या सपाट रस्त्यावर, ताशी दहाच्या वेगात, सात वर्षांच्या पोरासाठी ते बरोबर आहे. तेच वाक्य घेऊन आपण घाटात ताशी ५० ने उतरतो.

ब्रेक दाबला की अंगाचं आणि सायकलीचं वजन पुढे झुकतं. पुढचं चाक रस्त्यात रुततं, मागचं हलकं होतं. उतारावर तर ते आधीच हलकं असतं. म्हणून थांबवायचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. हलक्या मागच्या चाकावर जोर काढला की ते फिरायचं थांबतं आणि घसरायला लागतं. घसरणाऱ्या चाकाला वळण कळत नाही. ब्रेक लागला नाही असं त्याला वाटलं. लागला होता, गच्च लागला होता, म्हणून तर अकरा पावलांचा पट्टा उठला. आणि वेग दुप्पट झाला की थांबायला अंतर चौपट लागतं. ताशी ६० म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटर. एक शिंक आली तरी एखादं घर मागे जातं.

पुढचा ब्रेक दाबताना नितंब सीटवर मागे सरकवायचे, कोपर सैल ठेवायचे, लिव्हर एकदम न आवळता हळूहळू वाढवत न्यायचा. वेग वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना कमी करायचा, वळणात नाही. वळणाच्या बाहेरचा पाय खाली, वजन त्यावर, आणि नजर जिथे जायचंय तिथे. खड्ड्याकडे बघितलं की सायकल खड्ड्यातच जाते, हा अनुभव सगळ्यांना आहे. रिम ब्रेक सतत धरून ठेवला तर रिम तापते, लांब घाटात ट्यूब फुटू शकते, म्हणून धरायचा आणि सोडायचा. हे सांगायला दहा मिनिटं लागतात. आमच्या ग्रुपला चार वर्षं झाली. ही दहा मिनिटं कुणी दिली नाहीत, मीही नाही.

त्याऐवजी आम्ही काय बोलतो? किती वॉट, किती हार्टरेट, मागच्या गिअरला ३२ दात लावू की ३४, बीटाचा रस कधी प्यायचा. सगळं चढासाठी. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, ही पदवी ऐकत आम्ही मोठे झालो. टूर द फ्रान्समध्ये १९७५ पासून चढाच्या राजाला लाल ठिपक्यांची जर्सी मिळते. उताराला जर्सी नाही आणि नकोच. पण म्हणून शिकायचंच नाही, हे कुठलं शास्त्र?

गेल्या महिन्यात पुणे ग्रँड टूर झाली, पुणे जिल्ह्यात ४३७ किलोमीटरची, परदेशी संघ आलेले. आमच्यातले पाच जण बघायला गेलो होतो. परत येताना गाडीत चर्चा कसली, तर चढावर कोण सुटला. मी स्वतः एका वळणावर उभा होतो. ती माणसं ब्रेकचा सगळा हिशोब वळणाच्या आधी चुकता करत होती, वळणात नुसती वाहत होती. डोळ्यांसमोर झालं आणि मी मोबाइलमध्ये व्हिडिओ काढत बसलो.

आणि ज्यांचं पोट यावर आहे, त्यांनाही उतार सोडत नाही. जून २०२३ मध्ये टूर द स्वीस या शर्यतीत अल्बुला घाट उतरताना जिनो मेडर हा २६ वर्षांचा स्विस रायडर दरीत गेला आणि दुसऱ्या दिवशी वारला. आडव्या दांडीवर बसून छाती हँडलला टेकवून उतरायची स्टाइल सायकलिंगच्या जागतिक संघटनेने एप्रिल २०२१ पासून शर्यतीत बंद केली. आमच्या ग्रुपात त्याच पोझचा फोटो प्रोफाइलला लावलेले दोन महाभाग आहेत. नाव घेत नाही, घरी वहिन्या फेसबुक वाचतात.

ग्रुपवर एकाने लिहिलं, "पडल्याशिवाय सायकल येत नाही, एवढं काय?" मला राग आला, पण रात्री विचार केला की त्याचंही सगळं खोटं नाही. पडतो आपण. मी स्वतः मेढ्याच्या रस्त्याला शेणावरून घसरून पडलोय, त्याला काही शास्त्र नव्हतं. पण जे पडणं आठवडाभर आधी ब्रेकचे रबर बघून कळलं असतं, त्याला नशीब म्हणायला माझी तयारी नाही. दिवाळीनंतर एकदा जरी त्याच्या सायकलीपाशी वाकलो असतो तरी दिसलं असतं.

दुसरा मुद्दा स्ट्राव्हाचा, म्हणजे राइड नोंदवायच्या ॲपचा. यवतेश्वर उतरायचा सेगमेंट (रस्त्याचा ठरावीक तुकडा, त्यावर कोण किती वेगात गेला याची यादी लागते) कुणीतरी बनवलाय आणि त्यावर आमच्यातल्या तिघांची नावं झळकतायत. अशा सेगमेंटवर 'धोकादायक' अशी नोंद केली की त्याची क्रमवारी दिसेनाशी होते. मी काल नोंद केली. ज्यांचा नंबर गेला त्यांनी मला शिव्या घालाव्यात, दुकान सकाळी दहाला उघडतं.

रविवारच्या शर्यतीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मन लागत नव्हतं. जाताना समोरून वारा, येताना तिरका. चौघेच असल्याने एकमेकांच्या मागे दडायलाही माणसं पुरत नव्हती, आणि वाऱ्यात दुसऱ्याच्या चाकामागे राहिलं की पाव हिस्सा ताकद तरी सहज वाचते. कारखान्यांचा हंगाम आहे, रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॉलीतून पडलेलं कांडकं वहिनींच्या पुढच्या चाकाखाली आलं. हँडल हिसडलं, पण सावरल्या. नंतर विचारलं, कसं काय? म्हणाल्या, "काही केलं नाही, ब्रेकला हातच लावला नाही." वहिनी सहाव्या आल्या. वर्षभर आम्ही त्यांना 'उतारावर भित्र्या' म्हणून चिडवत होतो.

आता पुढचं. येत्या रविवारी ट्रेनिंग राइड नाही. सकाळी सव्वासहाला समर्थ मंदिरापाशी जमायचं, यवतेश्वर निवांत चढायचा आणि उतरायला शिकायचं. चौघाचौघांचे गट, मध्ये पन्नास मीटर अंतर, पुढच्याला ओलांडायचं नाही. आधी वरच्या सपाट पट्ट्यावर फक्त पुढच्या ब्रेकने थांबायचा सराव, ताशी १५ पासून. वहिनी शिकवतील. मी शेवटी राहीन.

त्याच्या पुढच्या रविवारी मेढा, केळघर घाट, महाबळेश्वर, पाचगणी, पसरणी घाट, वाई आणि परत सातारा. साधारण सव्वाशे किलोमीटर. पसरणीला माकडं आणि टुरिस्टांच्या गाड्या दोन्ही असतात, दोन्हींचा भरवसा नाही. पहिल्या रविवारी जो आला नाही, त्याने पाचगणीहून टेम्पोने यावं, भाडं ग्रुपच्या खात्यातून देऊ. हे मी एकट्याने ठरवलंय. भांडायचं असेल तर समोर या.

मार्चमध्ये २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड आहे, वेळ साडेतेरा तास. नाव नोंदवलेल्यांनी लाइट आणि रिफ्लेक्टिव्ह जाकीट तपासून ठेवा. धाकट्यानेही नाव नोंदवलं होतं. त्याचे पैसे वाया जाणार, ते मी भरतोय. मिसळ त्याच्या घरी पोचवली होती. डाव्या हाताने खाल्ली म्हणे, आणि रस्सा अंगावर सांडून घेतला.

आपटलेली हेल्मेटं बदला, वरून बरी दिसली तरी बदला. रविवारी पंप आणि पान्हे मी आणतोय. पुढच्या ब्रेकचे रबर ज्याने त्याने आपले आणा, माझ्याकडे एकच जोडी शिल्लक आहे आणि ती धाकट्याच्या सायकलीला लागणार आहे.