पापडाचा एसकेयू

मामींच्या पापडाला आजवर नाव पुरत होतं. जळगावच्या उन्हात गच्चीवर वाळला, डब्यात गेला, आणि कुणी "ते तिखटवाले द्या" म्हटलं की काम फत्ते. पण ऑनलाइन विकायचं ठरलं आणि फॉर्ममध्ये लाल चांदणीची एक चौकट आडवी आली : एसकेयू भरा. एसकेयू म्हणजे विकणाऱ्याने आपला माल ओळखायला त्याला दिलेला कोड.

बारकोड वेगळा. तो ८९० पासून सुरू होणारा तेरा आकडी नंबर पैसे मोजून घ्यावा लागतो. एसकेयू मात्र फुकट आणि आपल्या मर्जीचा. फुकट आणि मर्जीचा म्हटल्यावर घरात प्रत्येकाला मत फुटलं.

मामेभाऊ पुण्याला आयटीत. ॲमेझॉनवर चाळीस अक्षरांपर्यंत कोड चालतो हे त्याला कळलं, आणि त्याने चाळीसही वसूल केली. पदार्थ, चव, वजन, वाळवल्याची तारीख, गच्ची पूर्वेची की पश्चिमेची, सगळं त्यात. स्टिकर पाकिटाच्या पोटावरून पाठीवर जायला लागला, तेव्हा तो प्रकल्प थांबला.

मामा निवृत्त तलाठी. त्यांना नोंदवहीसारखा ००१ हवा होता. एक्सेलने एंटर दाबताच पुढची दोन्ही शून्यं गिळली. "सातबाऱ्यावरून कधी शून्य पळालं नाही," असं म्हणून मामा जे उठले, ते परत त्या लॅपटॉपकडे फिरकले नाहीत.

मग रश्श्याच्या काळ्या मसाल्याला मी एमएआर-१ दिला. एक्सेलने त्याचा एक मार्च केला. यात मसाल्याचा अपमान वाटून घेऊ नये. मार्च१, सेप्ट१ अशा मानवी जनुकांच्याही एक्सेलने तारखा केल्या होत्या. शेवटी २०२० साली शास्त्रज्ञांनीच हात टेकले आणि जनुकांची नावं मार्चएफ१, सेप्टिन१ अशी बदलली. तिथे आमच्या मसाल्याची काय पत्रास!

अखेर बेत आटोपशीर ठरला. आधी पदार्थाची दोन अक्षरं, मग चवीची दोन, शेवटी ग्रॅम. सुरुवातीला शून्य नाही. ओ आणि आय ही अक्षरंही बाद, कारण आमच्या प्रिंटरवर ती शून्य आणि एक या आकड्यांसारखीच उमटतात. उडदाचा लसूण पापड झाला यूपी-एलएस-५००. बिबड्यांना बीबी. शिवाय किंमत कोडात घालायची नाही, उडीद महागला की सगळे स्टिकर खरवडत बसावं लागतं.

मामींनी तिखट पापडाचं पाकीट डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, उलटं केलं. "हाई काय शे रे भाऊ?"

मी पाच मिनिटं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पाकिटाच्या तोंडाला लाल दोरा बांधला. लाल म्हणजे तिखट, पांढरा म्हणजे लसूण, हिरवा म्हणजे साधा. हे त्यांचं वर्षानुवर्षांचं. पार्सल भरणाऱ्या वहिनीही यादीतला कोड वाचतात, मान डोलावतात आणि फळीवर दोराच शोधतात.

परवा लाल दोरा संपला. मामींनी तिखटाला हिरवा बांधला आणि कुणाला बोलल्या नाहीत. नागपूरच्या एका ताईंनी साधे मागवले होते, गेले तिखट. मी माफीचा मजकूर जुळवत होतो, तोवर त्यांचाच निरोप आला : घाम फुटला, पण पुढच्या वेळी हेच चुकलेले पाठवा, दोन पाकिटं.

मामेभाऊ तेव्हापासून विचारतोय, "चुकलेले" यांचा एसकेयू काय ठेवू?