दगडाचे वय आणि आपले सिमेंट

नागपूरच्या आमच्या नातेवाइकांत सध्या एकच वाद चालू आहे. रामटेककडच्या आमच्या गावातील जुन्या दगडी देवळाच्या भिंतींचे पापुद्रे सुटू लागल्यामुळे त्यांना सिमेंटचा गिलावा करून वरून ऑइलपेंट द्यावा, असे ठरत आले आहे. मामेभाऊ, म्हणजे आमचे दादा, म्हणतात की दगडालाही वय असते आणि इतकी शतके उभे राहिलेले देऊळ झिजणारच. शतकानुशतके शाबूत राहिलेला दगड आपल्याच हयातीत एवढ्या घाईने का सुटतो, हे त्यांना विचारावेसेही वाटत नाही, आणि माझी चीड तिथे आहे.

मी कोलोनला राहतो. येथून जवळच, रूरच्या कोळसापट्ट्यात, हेर्टेनच्या गढीवर १७०२ च्या सुमाराची वालुकाश्माची मूर्ती होती. १९०८ च्या छायाचित्रात तिचा चेहरामोहरा स्पष्ट दिसतो; १९६९ च्या छायाचित्रात मात्र नुसता बोडका आकार उरला आहे. कोळशाच्या धुरातील सल्फर डायऑक्साइडपासून आम्ल बनते, ते दगडातील चुन्याचे जिप्सम करते आणि जिप्सम पावसाने वाहून जाते. आडोशाला तेच काजळी धरून काळी खपली होते व सुटताना दगडाचा थर घेऊन पडते. जर्मनीने १९८३ मध्ये वीजकेंद्रांच्या धुरावर कडक नियम लादले. आपल्याकडे २०१५ मध्ये मर्यादा ठरली आणि मुदती वाढत राहिल्या, हे नागपूरजवळच्या कोराडी वीजकेंद्राची धुराडी रोज पाहणाऱ्यांना मी सांगायला नको.

दादांनी सुनावले, की शंभर वर्षे कोळसा जाळून श्रीमंत झाल्यावर नियम करणे सोपे असते. मला त्यांनी सरळ जर्मनांत जमा करून टाकले. आमच्या देवळाच्या दगडात चुना नाही, त्यामुळे आम्लाचा धाक त्याला कमी, हेही त्यांचे खरे आहे.

पण मग सिमेंटचा दोष अधिकच ठळक होतो. चुन्याचा सांधा मऊ आणि सच्छिद्र असतो. जमिनीतून चढलेली ओल त्यातून बाहेर पडते आणि झिजायचेच तर तो आधी झिजतो. पोर्टलंड सिमेंट, म्हणजे आपले नेहमीचे सिमेंट, ज्याचे पेटंट १८२४ चे, ही वाट बुजवते आणि शिवाय स्वतःचे क्षार आणते. ओल दगडातूनच सुकू लागते, पृष्ठभागाखाली क्षारांचे स्फटिक वाढतात आणि पापुद्रे ढकलून काढतात. आमच्या देवळाचे सांधे वडीलधाऱ्यांनी सिमेंटने भरले होते आणि पापुद्रे नेमके त्यांच्या कडेलाच सुटत आहेत. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरातही प्राचीन कारागिरांनी दगड जोडणाऱ्या लोखंडी आकड्यांभोवती शिसे ओतले होते. विसाव्या शतकातील दुरुस्तीत ते वगळले, लोखंड गंजून फुगले आणि संगमरवर तडकला.

डोमच्या, म्हणजे कोलोनच्या कॅथेड्रलच्या, परांचीखालून मी रोज स्टेशनावर जातो आणि वर बघतही नाही. तिथे डोमबाउहुट्टेचे, म्हणजे कॅथेड्रलच्या स्वतःच्या दुरुस्ती-कार्यशाळेचे, पाथरवट आहेत, माझी गरज नाही. गावच्या भिंतीसाठी मात्र मी मध्यरात्री भांडतो, जिथे माझे मत कोणी मागितलेले नाही. चुन्याचा गवंडी कोलोनहूनच पाठव, असे दादांचे शेवटचे उत्तर आले. तो विदर्भातच शोधा, मजुरी मी देतो आणि तोवर गिलावा थांबवा, असे मी कळवले आहे.