केळं-बिस्किट स्मूदीला दोन स्टार देणाऱ्या ताईंना दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू पूर्ण वाचला. केळं, दूध आणि बिस्किट एवढ्याच वस्तूंचे १३० रुपये घेतात, केळीच्या जळगावात हे शोभत नाही, असं तुम्ही लिहिलंय. घरी करून बघितलं तर पाणचट झालं आणि बिस्किटाचा लगदा झाला, म्हणजे दुकानवाले नक्की आईस्क्रीम नाहीतर कसली तरी पावडर घालतात, असा तुमचा संशय आहे. शिवाय मागूनही पार्सल दिलं नाही, ही तक्रार. हेच प्रश्न काउंटरवरही बरेच जण विचारतात, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं इथेच लिहितो.

आधी संशयाचं. आमच्या ग्लासात आईस्क्रीम नाही, दाटपणासाठी पावडर नाही, बर्फ नाही, वरून साखरही नाही. मिक्सर काउंटरवर सगळ्यांसमोर आहे, कधीही उभं राहून बघा. जो दाटपणा येतो तो गोठवलेल्या पिकल्या केळ्याचा. केळ्यात साधारण तीन चतुर्थांश पाणीच असतं, पण उरलेल्या भागातली साखर, पेक्टिन आणि तंतू ते पाणी धरून ठेवतात. साखरेमुळे ते दगडासारखं कडकही होत नाही. अशा फोडी मिक्सरमध्ये फिरल्या की बर्फाचे बारीक कण गरातच राहतात आणि सगळं मऊ, दाट होऊन येतं.

तुम्ही घरी काय केलं तेही लिहिलंय, ते बरं झालं. ताजी केळी, मोठा ग्लासभर टोन्ड दूध, मूठभर बर्फ आणि बिस्किटं सगळं एकदम दोन मिनिटं फिरवलं. यातला बर्फ म्हणजे शेवटी पाणीच. पात्यांच्या घर्षणाने भांडं तापतं, बर्फ वितळतो आणि चव धुऊन जाते. टोन्ड दुधात फॅट ३ टक्के, फुल क्रीममध्ये ६ टक्के, तोही फरक जिभेला कळतो. आणि बिस्किट दोन मिनिटं दुधात फिरल्यावर त्याचं पीठच होणार.

आता आमची पद्धत सांगतो. लपवण्यासारखं त्यात काही नाही आणि तुम्ही घरी केलंत तर मला आनंदच आहे.

सगळ्यात महत्त्वाचं केळं, म्हणून त्यावर जरा जास्त बोलतो. भरिताचं वांगं वेगळं आणि भाजीचं वेगळं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. केळ्याचंही तसंच आहे. वखारीतून नुकतंच आलेलं, पिवळंधमक आणि देठाशी हिरवट केळं दिसायला छान, पण त्यात स्टार्च अजून बराच शिल्लक असतो. ते गोठवून फिरवलं तर पिठूळ लागतं आणि घशाशी तुरट चव राहते. पिकता पिकता त्या स्टार्चची साखर होते आणि सालीवर तपकिरी ठिपके उठतात. असं ठिपक्यांचं केळं हवं. आतून घट्ट पण पूर्ण पिकलेलं. काळं पडून पाणी सुटलेलं नको. थंड पदार्थात गोडी कमी जाणवते, म्हणून केळं कमी पिकलेलं असलं की लोक साखर ओततात. पूर्ण पिकलेलं असलं की साखरेची गरजच पडत नाही.

आम्ही फणी आणली की ती उघड्यावर लटकवून ठिपके येईपर्यंत ठेवतो. फ्रीजमध्ये ठेवत नाही, कारण १३ अंशांच्या खाली कच्च्या केळ्याला थंडी बाधते, साल काळी पडते आणि आतून ते नीट पिकत नाही. बाजारात मात्र हीच ठिपक्यांची फणी गिऱ्हाईक बाजूला सारतं आणि गाडीवाल्याकडे ती पडून राहते. यावल-रावेरच्या बागांमधून आलेला माल असा वाया गेलेला मला बघवत नाही. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याच गावात ते केळं पूर्ण पिकल्यावर कुणी हात लावू नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमच्या घरी अशी केळी उरली तर टाकू नका, सोला आणि फ्रीजरला लावा.

सोलूनच लावा. सालीसकट गोठवलेलं केळं नंतर सहज सोलता येत नाही. अर्ध्या बोटाएवढ्या जाडीच्या चकत्या करा, स्टीलच्या ताटात एकेक सुटी मांडा आणि रात्रभर ठेवा. एकावर एक ढीग केला तर गोठायला वेळ लागतो, बर्फाचे खडे मोठे होतात आणि मग दुधात ते पाणी सुटतं. सकाळी चकत्या घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा हवा काढलेल्या पिशवीत भरा, नाहीतर शेजारच्या मेथीचा वास लागतो. काळ्या पडू नयेत म्हणून थोडा लिंबाचा रस चोळला तरी चालेल, आम्ही चोळत नाही. महिनाभरात वापरून टाका.

एका मोठ्या ग्लासाला दोन मध्यम केळ्यांच्या चकत्या आणि १०० ते १२० मिली गार फुल क्रीम दूध पुरतं. म्हशीचं साय न काढलेलं दूध असेल तर फारच उत्तम. चिमूटभर मीठ. आधी दूध, मग चकत्या. उलटं केलं तर पाती कोरडी फिरतात. डब्यातून काढून चकत्या दोन-तीन मिनिटं बाहेर राहू द्या, मग पल्सवर थांबत थांबत फिरवा. मध्ये बंद करून चमच्याने कडेचं खाली लोटा. दाट आहे म्हणून दूध वाढवू नका, हाच मोह आवरायचा असतो. मिक्सर मध्येच बंद पडला तर घाबरू नका. मोटरवर ताण आला की खालचं बटण उडतं. पाच-दहा मिनिटं थांबा आणि ते दाबा.

बिस्किट सगळ्यात शेवटी. हाताने ओबडधोबड तोडून टाका आणि दोनदाच पल्स द्या, तुकडे दाताखाली यायला हवेत. चॉकलेट क्रीमचं बिस्किट मुलांना आवडतं, आमच्याकडे तेच जास्त जातं. माझं स्वतःचं मत नानकटाईच्या बाजूने आहे. दिवाळीत पीठ-तूप देऊन बेकरीतून भाजून आणतो, ती. तुपाने पिठाला वेढलेलं असतं, म्हणून ती दुधात लवकर लोळागोळा होत नाही, आणि केळ्यासोबत तुपाची चव फार छान लागते. ग्लुकोज बिस्किट सगळ्यात आधी विरघळतं. तेच वापरायचं असेल तर मिक्सरमध्ये नको, वरून चुरा टाका.

दुसरी फळं घ्यायची तर दोन गोष्टी सांभाळा. शहाद्याकडची पपई गोठवून छान लागते, पण पपईतलं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं आणि थोड्या वेळाने कडवट चव येते. गोठवल्याने ते एन्झाइम मरत नाही, त्यामुळे केली की लगेच प्यायची. सीताफळाच्या सीझनमध्ये गर काढताना एकही बी मिक्सरमध्ये जाऊ देऊ नका. ती बी विषारी असते.

पैशांचं सांगतो. घरी हा ग्लास तुम्हाला चाळीसेक रुपयांत पडेल, यात वाद नाही. आमच्या १३० मध्ये दुकानाचं भाडं, दोन मुलांचे पगार आणि व्यावसायिक दराचं वीजबिल आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो तेव्हा डीप फ्रीजरचा कॉम्प्रेसर दिवसभर थांबत नाही. ग्लासात दोन केळी आणि तीन बिस्किटं असतात, बर्फाने भरलेला ग्लास आम्ही देत नाही. भाव कमी करायला बर्फ घालणं सोपं आहे. मी ते करणार नाही.

‘स्मूदी म्हणून आरोग्याचं सांगता आणि देता गोड’ असंही एका ओळीत लिहिलंय. आमच्या बोर्डावर ते गोड पदार्थांच्या यादीतच आहे. जेवणानंतर दोघांनी वाटून घ्यायचा हा पदार्थ, नाश्त्याचा नाही. मधुमेह असलेल्या गिऱ्हाइकाने विचारलं तर आम्ही स्वतःहून नको म्हणतो.

पार्सल न देण्यामागे एकच कारण आहे. उन्हाळ्यात दुकानापासून घरापर्यंत जाईस्तोवर प्लास्टिकच्या ग्लासातलं दूध वेगळं आणि गर वेगळा होतो, बिस्किट फुगतं, आणि तो ग्लास उघडणारा माणूस आमच्या पदार्थाला नावं ठेवतो. पार्सल हवंच असेल तर रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास घेऊन या. निघण्याआधी त्यात फ्रीजमधलं गार पाणी दहा मिनिटं भरून ठेवा आणि ओतून टाका. आम्ही त्यात बिस्किटाशिवायची स्मूदी भरून देऊ, चुरा वेगळ्या पुडीत बांधून देऊ. घरी पोचल्यावर तो वरून टाका आणि अर्ध्या तासाच्या आत संपवा.