हस्की आणण्याआधी आमच्याकडचा मे महिना बघून जा

परवा ऑफिसात एका सहकाऱ्यानं मोबाइल पुढे केला. हस्की जातीच्या कुत्र्याचं पिल्लू. निळे डोळे, फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखं अंग. "मॅडम, पोरगी मागे लागून राहिली. घेऊन टाकू का?" मी "गोड आहे हो" म्हणून फोन परत केला आणि घरी येईपर्यंत मला चैन पडली नाही. तिथंच बोलायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही, म्हणून आता इथं सविस्तर लिहिते.

माझं म्हणणं एवढंच आहे : नागपुरात कुत्रं किंवा मांजर घरात आणायचं असेल तर डिसेंबरातलं पिल्लू बघून ठरवू नका. मे महिना डोळ्यासमोर आणा, दुपारचे दोन वाजलेत असं समजा आणि मग ठरवा. ज्या गावात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता, त्या गावात हा प्रश्न आधी विचारायला हवा. आम्ही विचारला नव्हता.

आमच्याकडे लाडू होता. पग जातीचा, चपट्या नाकाचा कुत्रा. हच मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग दिसला, त्याला बरीच वर्षं झाली होती, तरी आमच्या मुलाला तोच हवा होता. वाढदिवसाला आणला. चार वर्षं तो आमच्या घराचा जीव होता. मग एका मे महिन्यात वर्ध्याला जवळचं लग्न होतं. सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. कूलर भरून सुरू केला, पाण्याचं भांडं ठेवलं, खिडक्या-दारं नीट लावली आणि निघालो. आपण त्याची सगळी सोय करून चाललोय, असंच मला वाटत होतं.

दुपारी लाइट गेली. किती वेळ गेली होती, ते आम्हाला शेजाऱ्यांकडून नंतर कळलं.

परत आलो तेव्हा लाडू बाथरूममध्ये होता. रिकाम्या बादलीच्या बुडाला तोंड टेकून पडला होता. जीभ जांभळट झालेली, छाती भात्यासारखी हलत होती आणि हाक मारली तर फक्त डोळे वळले. आम्ही मोठा टॉवेल ओला केला, त्यात त्याला गुंडाळलं आणि ऑटोनं दवाखाना गाठला. डॉक्टरांच्या थर्मामीटरवर १०७ च्या वर आकडा होता. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ असतं. त्यांनी जे करता येईल ते सगळं केलं. रात्री साडेअकराला लाडू गेला.

त्यानंतर मी जे जे वाचलं, डॉक्टरांना विचारून घेतलं, ते आधी माहीत असतं तर! कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना येतो तेवढाच. बाकी सगळा भार धापेवर. तोंडातली, नाकातली, श्वासनलिकेतली ओल हवेत उडाली की अंग थंड होतं. पगचं नाक चपटं, त्यामुळे ही जागाच मुळात अपुरी. त्यात आपला कूलर. कूलर चालतो तो खिडकी उघडी असली तरच, दमट हवा बाहेर जायला वाट हवी. आम्ही घर बंद केलं होतं. लाइट गेली, पंखा थांबला, पंप थांबला आणि त्या दमट, कोंडलेल्या खोलीत लाडू धापा टाकत राहिला. हवेतच ओल भरलेली, तर त्याच्या तोंडातली उडणार कुठे?

आणि तो ओला टॉवेल. तो गुंडाळून आम्ही त्याची उष्णता आतच कोंडली. अशा वेळी आहे तिथंच नळाचं पाणी अंगावर, पोटावर, जांघेत ओतत राहायचं, पंख्यासमोर किंवा वारा येईल तिथं ठेवायचं, पाच-दहा मिनिटं असं थंड करायचं आणि मग दवाखान्याकडे धावायचं. वाटेतही ओलं ठेवायचं. हे कृपा करून लक्षात ठेवा. घरात जनावर असलेल्या प्रत्येकाला सांगा.

तीन वर्षं आम्ही कोणालाच आणलं नाही. मग बंड्या आला, म्हणजे त्यानंच आम्हाला निवडलं. आमच्या लेआउटमधल्या रिकाम्या प्लॉटवर व्यालेल्या कुत्रीचं शेवटचं उरलेलं पिल्लू. गावठी, मातकट रंगाचं, एक कान उभा आणि एक पडका. लांब नाक, अंगाला आखूड केस. या मातीत पिढ्यान् पिढ्या तगलेलं जनावर ते. त्यालाही ऊन लागतं, पण सावली कुठे, गार फरशी कुठली, हे त्याला आमच्याआधी कळतं. पुढच्याच पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून पिठी आली. पांढरीधोप मांजर, पिठाच्या डब्यात पडल्यासारखी. सासूबाईंनी दोघांनाही विरोध केला. लाडू गेल्यावर दोन दिवस जेवल्या नव्हत्या त्या. "पुन्हा नको गं बाई ते," एवढंच म्हणायच्या. त्यांचा राग जनावरावर नव्हता, हे मला उशिरा समजलं.

आता आमचा मे असा असतो. पहाटे पाचला बंड्याचा फेरा, सहाच्या आत घरी. मग थेट रात्री नऊनंतर. मध्ये रस्त्यावर पाऊलसुद्धा नाही. डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद ठेवून बघा, ठेववत नसेल तर त्याच्या पायालाही ते सोसणार नाही. पाणी चार ठिकाणी, मातीच्या पसरट भांड्यांत. पिठीचं पाणी तिच्या जेवणापासून लांब ठेवलं तर ती जास्त पिते, हे आम्ही बघून बघून शिकलो. मांजरं मुळात वाळवंटाकडच्या रानमांजराच्या वंशातली, पाणी कमीच पितात. नुसतं कोरडं खाणं घालून उन्हाळा काढला की लघवीचे त्रास सुरू होतात. बोक्याची लघवी अडली तर एक दिवसही थांबू नका. ती जीवावरची गोष्ट आहे.

गोचीड हा आणखी एक उन्हाळी शत्रू. एक मादी हजारोंनी अंडी घालते, तीही कुत्र्याच्या अंगावर नव्हे, भिंतीच्या फटीत, चौकटीमागे. म्हणून नुसतं कुत्रं साफ करून भागत नाही, घर साफ करावं लागतं. इथं कुत्रं आणि मांजर दोन्ही असलेल्यांना कळकळीनं सांगते : कुत्र्याच्या गोचिडीच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, आणि मांजराला ते विष आहे. बंड्याला औषध लावलं की पिठी त्याला चिकटून झोपणार, त्याला चाटणार. तेव्हा दोघांना चालेल असंच औषध डॉक्टरांना विचारून आणा. तापासाठी आपली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका, एका गोळीनं मांजर मरतं. आणि कांदा. आपल्याकडे ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात. त्याच मायेनं सासूबाई बंड्याच्या दहीभातात कांदा कुस्करायला निघाल्या होत्या. कांद्यानं कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. त्यांना सांगितलं तर त्यांनी ताट तसंच बाजूला ठेवलं आणि दुसरा भात कालवला.

मे महिन्याची खरी परीक्षा मात्र उन्हाची नाही, सुटीची आहे. शाळा संपतात, लग्नं असतात, मामाच्या गावाला जायचं असतं. जनावराजवळ कोण थांबणार? आमच्याकडे आता कोणीतरी एक घरी राहतं. गेल्या वर्षी भाचीच्या लग्नाला मी नव्हते. नातेवाईक बोलले. बोलू द्या.

ज्यांना हे जमत नाही त्यांच्याकडे काय होतं, तेही बघितलंय. दोन वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी आमच्या लेआउटच्या मैदानाजवळ एक लॅब्राडोर दिसली. म्हातारी, तोंडाजवळ पांढरी झालेली, गळ्यात पट्टा. प्रत्येक पांढऱ्या गाडीमागे धावायची. गाडी थांबली की दाराशी जाऊन शेपटी हलवायची, आतून अनोळखी माणूस उतरला की परत जागेवर. तीन दिवस ती पांढऱ्या गाड्या तपासत होती. शेवटी आम्ही चार घरांनी मिळून तिची व्यवस्था लावली, पण ते तीन दिवस माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. जनावर असं उपाशी-तहानलेलं सोडून देणं १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. आजही तेवढाच. मला याचा संताप येतो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलं होतं की भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचं असेल तर रीतसर दत्तक घ्या, घरी न्या. पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टानं त्यावरून लोकांवर कारवाई करायला मनाई केली. तेव्हा सगळीकडे "एवढी माया आहे तर घरी न्या" हेच ऐकू यायचं. घरी नेणं इतकं सोपं असतं, तर ती म्हातारी लॅब्राडोर रस्त्यावर आली नसती. तीही कोणीतरी मायेनंच घरी नेली होती.

आता हस्कीबद्दल. सायबेरियाच्या बर्फात गाडी ओढण्यासाठी चुकची लोकांनी घडवलेलं हे जनावर. अंगावर केसांचे दोन थर. त्याला दिवसभर धावायला हवं आणि आपण मार्च ते जून त्याला एका खोलीत एसीत ठेवणार. एसी परवडतो हे मान्य. लाइट गेली तर? तुम्ही दोघं ऑफिसात, मुलगी शाळेत, दुपारी दोन वाजता लाइट गेली तर?

भाऊ, तुम्ही ही पोस्ट वाचाल हे मला माहीत आहे. मुलीला कुत्रं हवंय, ही फार चांगली गोष्ट आहे. तिला हो म्हणा, पण हस्कीला नाही म्हणा. आणि येत्या नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, रविवारी तिला घेऊन मानेवाड्याला आमच्याकडे या, दुपारी दोनलाच. बंड्या दिवाणाखालच्या ओल्या फरशीवर चारी पाय पसरून पडलेला असेल, पिठी माठाच्या तिवईखाली. सासूबाई कूलरची खिडकी उघडी आहे ना ते बघत फिरत असतील. पन्हं करून ठेवते.