‘गुळमट’ म्हणणाऱ्या वाचकास

‘स्पष्टवक्ता’ (खऱ्या नावानं लिहायला हरकत नव्हती),

डॉक्टर-नर्सच्या जुन्या इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “मॅडम, एक चाळलं. गुळमट आहे. सगळ्यांत तोच श्रीमंत डॉक्टर, तीच गरीब नर्स, शेवटी नोकरी सोडून लग्न. तुमच्या पिढीला हे गोड लागलं यात नवल नाही. आणि हार्लेक्विन लंडनची नाही, जरा तपासून लिहा.”

शेवटचं मान्य. हार्लेक्विन ही प्रकाशनसंस्था कॅनडातली, १९४९ साली विनिपेगला निघालेली. लंडनची ती मिल्स अँड बून, १९०८ची. हार्लेक्विननं १९५७पासून तिची पुस्तकं तिकडे छापली, तीही हॉस्पिटलच्या गोष्टीपासून सुरुवात करून, आणि १९७१ साली ती कंपनीच विकत घेतली. माझी घाई नडली. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ‘गुळमट’. हा शब्द तुम्ही किती सहज टाकलात! ‘तुमची पिढी’ तर त्याहून सहज. माझं वय तुम्हाला कुणी सांगितलं?

बेटी नील्स कोण होती, ठाऊक आहे? पेशानं नर्स. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सला गेलेली. डच माणसाशी लग्न केलं, जन्मभर नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर लिहायला बसली. पहिली कादंबरी १९६९ची, म्हणजे साठीच्या उंबरठ्यावर. २००१ साली गेली तोवर १३४ झाल्या होत्या. ल्युसिला अँड्र्यूज लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात युद्धाच्या दिवसांत शिकली. डॉक्टर नवऱ्याची साथ लवकर सुटली, पदरी लहान मुलगी, म्हणून लिहिलं. या बायकांनी वर्षानुवर्षं बेडपॅन उचलले होते हो. त्यांना गुळाचं काय कौतुक?

आणि गोडवा आहेच, पण तो कुठे आहे ते चाळून दिसत नाही. नायक गुलाब आणत नाही. रात्री तीनला तातडीचं ऑपरेशन आटोपून तो वॉर्डाच्या स्वयंपाकघरात येतो, टेबलाच्या कडेला टेकतो, ती टोस्ट भाजते आणि तो चहा ओततो. एवढंच. तिचं काम त्यानं पाहिलंय, हे त्या चहातून तिला कळतं.

माझी थोरली मावशी मुंबईतल्या एका सरकारी हॉस्पिटलात सव्वीस वर्षं स्टाफ नर्स होती. नाईट संपवून आली की घमेल्यात कोमट मिठाचं पाणी घ्यायची, त्यात सुजलेले पाय सोडायची आणि लायब्ररीतून आणलेलं पुस्तक उघडायची. ओल्या बोटानं पानं उलटायची, म्हणून प्रत्येक पुस्तकाचे उजवे कोपरे फुगलेले. लायब्ररीवाला कुरकुरायचा. तेव्हा मी कॉलेजात होते. एकदा अगदी तुमच्याच सुरात मी तिला विचारलं, “मावशी, हे खरं असतं का गं?”

ती म्हणाली, “छे गं. पण यात तो विचारतो तरी, ‘सिस्टर, तुम्ही जेवलात का?’”

सव्वीस वर्षांत हा प्रश्न तिला एकाही डॉक्टरनं विचारला नव्हता. राउंडला चार्ट मिळायला अर्धा मिनिट उशीर झाला म्हणून एकानं तो तिच्या अंगावर फेकला होता, तेवढं मात्र ती सांगायची. आता सांगा, गुळमट काय?

डॉक्टर श्रीमंत असतो म्हणता. असतो. नील्सचा तर बहुधा डच, उंचापुरा, दाराशी महागडी बेंटली गाडी उभी. मग? आपल्या नायकांचे वाडे कुणी मोजले होते? साचा एकच, हेही खरं. पुरणपोळीचाही एकच असतो. नोकरी सोडण्याबद्दल मी आधीच्या एका लेखात लिहिलंय, शोधून वाचा. इथे पुन्हा उगाळत बसत नाही.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त पुढच्या वेळी ‘मॅडम’ नको. त्यातला टोमणा कळतो मला. ‘एक चाळलं’ म्हणालात, ते नेमकं कुठलं आणि कितव्या पानापर्यंत, तेवढं कळवा. त्या स्वयंपाकघरापर्यंत पोचला होतात का, ते बघू.