नवे पॅड, नवी डिस्क आणि तरी कुईंऽऽ

ब्रेकचे पॅड नवे, डिस्क नवी, बिलही नवं. गाडी जरा हळू केली की मात्र तेच जुनं कुईंऽऽ. आणि त्यावर गॅरेजवाल्याचं ठरलेलं उत्तर: "चालवा थोडे दिवस, सेट होईल." काय सेट होईल? आपले कान?

अहो, तो आवाज म्हणजे कंपन असतं. पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर घासताना चिकटतो, सुटतो, परत चिकटतो, आणि हे सेकंदाला हजारो वेळा चालतं. ते कंपन दाबून ठेवायचं काम पॅडच्या पाठीवरची शिम (पातळ पत्री), पॅडच्या कानांखाली, म्हणजे दोन्ही टोकांच्या बाहेर आलेल्या भागांखाली, बसणाऱ्या स्टीलच्या क्लिपा आणि पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या सरकत्या पिना करतात. घाईत नेमकं यांनाच कोणी हात लावत नाही. जुने पॅड उपटले, नवे कोंबले, चाक चढवलं, चला पुढची गाडी! पॅडच्या खोक्यात कंपनीने नव्या क्लिपा दिलेल्या असतात, त्या खोक्यासकट कचऱ्यात. डोकं फिरतं ते इथे.

क्लिप जिथे बसते त्या ब्रॅकेटच्या (पॅड धरणाऱ्या चौकटीच्या) खाचेत गंज धरतो. गंज फुगतो, क्लिप वर उचलली जाते, खाच अरुंद होते आणि पॅड अडकून बसतो. ब्रेक सोडला तरी तो मागे येत नाही, डिस्कला चिकटून घासत राहतो, तापतो, आणि त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. असा काच चढलेला पॅड बोंबलणार नाही तर काय करेल? क्लिपा काढून खाच वायर ब्रशने किंवा कानशीने स्वच्छ धातू दिसेपर्यंत खरवडा, मग नव्या क्लिपा लावा. पॅड बोटांनी सरकला पाहिजे. हातोडीने ठोकून बसवावा लागत असेल तर तिथेच थांबा, खाच अजून साफ झालेली नाही. काही पॅडच्या कानांवर रंगाचा थर जाड असतो, तो हलक्या हाताने घासला तरी चालतं.

पिनांचं तेच. बाहेर काढा, पुसा, पिनेवरचं रबरी टोपण (बूट) फाटलंय का बघा आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. हाताशी आहे म्हणून बेअरिंगचं ग्रीस फासणाऱ्यांना तर हात जोडून विनंती आहे: पेट्रोलियमच्या ग्रीसने रबर फुगतं, पिन जाम होते, आणि मग आतला पॅड झिजून संपला तरी बाहेरचा तसाच जाड. काही कॅलिपरमध्ये एका पिनेवर रबराची बुशी असते, ती पिन वरची की खालची हे काढतानाच मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

ग्रीस पॅडच्या पाठीवर, जिथे पॅड ढकलणारा पिस्टन आणि कॅलिपरची बोटासारखी टोकं टेकतात तिथे, आणि कानांवर. तेही पातळ. घासणाऱ्या बाजूला लागलं तर पुसून काही होत नाही, पॅड फेकायचा. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने धुतल्याशिवाय डिस्क चढवणं म्हणजे नव्या पॅडला पहिल्याच दिवशी तेल पाजणं.

आणि ती पॅडवरची पत्र्याची जीभ! पॅड २-३ मिमी उरला की डिस्कला टेकून ओरडायचं, एवढंच तिचं काम. ती वाकली किंवा पॅड आत-बाहेर उलटे बसले की कोरा पॅडसुद्धा पहिल्या किलोमीटरपासून किंचाळतो.

निदान कानानेही होतं, पण ऐकायला वेळ कोणाला आहे? ब्रेक न दाबता आवाज येतो आणि दाबला की थांबतो, तर ती जीभ किंवा अडकलेला पॅड बघा. दाबा न दाबा, चाकाच्या फेऱ्यागणिक सारखाच घासल्याचा आवाज येत असेल तर डिस्कमागचा पातळ पत्रा वाकून टेकलाय का बघा, बहुतेक वेळा हाताने सरळ होतो. फक्त हलका ब्रेक लावल्यावर शिट्टी वाजत असेल तर काच चढलेले पॅड किंवा बसवायच्या राहिलेल्या शिम. सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकना आवाज येऊन बंद होत असेल तर तो डिस्कवरचा रात्रीचा गंज आहे, सोडून द्या. खरखर येत असेल तर मात्र गाडी पुढे नेऊ नका, धातूवर धातू घासतोय.

खरं "सेट" करणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती आपोआप होत नाही. आधी उभ्या गाडीत पेडल घट्ट होईपर्यंत दाबा. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून २० पर्यंत, मध्यम दाबाने, ८-१० वेळा, मध्ये थोडं अंतर ठेवून. पूर्ण थांबायचं नाही. मग काही किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवून थंड होऊ द्यायचं. हे कोण सांगतं गिऱ्हाइकाला? कोणीच नाही.

एवढं करूनही एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापत असेल तर पॅडना शिव्या देणं बंद करा. गाडी थंड झाल्यावर ते चाक उचला, कोणाला तरी ब्रेक दाबून सोडायला सांगा आणि चाक हाताने फिरवून बघा. जाम असेल तर कॅलिपरचा ब्लीड निपल (तेल-हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) किंचित सैल करा. ब्रेकचं तेल उडून चाक लगेच मोकळं झालं तर दाब आत अडकलेला होता, म्हणजे बहुधा होज (तेल नेणारी रबरी नळी) आतून फुगून बंद झालाय. नाही झालं तर पिस्टन किंवा पिना. निपल परत घट्ट करून तेलाची पातळी बघा, हवा गेली असेल तर काढा. आणि होज बंद असताना पॅडचा तिसरा सेट टाकायला निघालेल्याला विचारा, पहिल्या दोन सेटांनी काय पाप केलं होतं?